गल्लीतली मशीद आणि माझी जीभ

मला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही. छत्तीस वर्षं जामबागेतल्या एका मराठी शाळेत शिकवलं, आणि चाळीस जोडी डोळे आपल्याकडे लागलेले असताना जी बाई 'माहीत नाही' म्हणेल तिचं पुढे वर्षभर काही खरं नाही, अशी माझी पक्की समजूत. शाळा सुटली, पेन्शन सुरू झाली, पण जित्याची खोड कुठे जाते? आमचे हे म्हणतात, हिला कुठल्याही धरणाची उंची विचारा, ही सांगेल. चुकीची सांगेल, पण अशी सांगेल की इंजिनिअर जाऊन पुन्हा मोजून येईल. त्या खोडीपायी मी गल्लीतल्या मशिदीत काय केलं ते आता सांगतेच. नाहीतरी अर्ध्या सुलतान बाजाराला कळलेलं आहे.

बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. समोर आपाचं शिवणकामाचं दुकान, आणि दुकानापासून मोजून शंभर पावलांवर मशीद. आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण सगळी गल्ली तिला आपा म्हणते म्हणून मीही म्हणते. ती मला 'बाई' म्हणते, शाळेतल्या मुलांसारखं. बावीस वर्षं माझे ब्लाऊज तीच शिवते. तोंडात टाचण्या धरून ती जगातल्या कुठल्याही विषयावर बोलेल, पण समोर अनोळखी माणूस आला की तोंडाला कुलूप. नवीन गिऱ्हाईक आलं तर माप घेऊन वहीत लिहिते आणि मान हलवते, बस्स.

एका दुपारी मी साडीला फॉल लावायला घेऊन गेले, तर आपा मशीन बंद करून, गालाला हात लावून बसलेली. म्हटलं काय झालं. तर मशिदीच्या कमिटीनं ठरवलं होतं की येत्या रविवारी मशीद सगळ्यांना खुली. कुठल्याही धर्माच्या माणसानं यावं, बघावं, काय विचारायचं ते विचारावं. बायका आल्या तर त्यांना दाखवायला बाईच हवी, आणि ते काम आपाच्या गळ्यात पडलं होतं.

"मग त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "तुझीच तर मशीद."

"मैं अंदर कब गई, बाई?"

मला खरंच कळेना. एकतीस वर्षं ही बाई त्या मशिदीच्या अजानवर उठते, अजानवर मशीन थांबवते, अजानवर रोजा सोडते, आणि आत कधी गेली नाही? आपा म्हणाली, आमच्याकडे बायका घरीच नमाज पढतात, पूर्वीपासून तसंच चालत आलंय. धर्मानं मनाई आहे का, तर तसंही नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या दुबईच्या मुलानं तिला उमऱ्याला नेलं होतं. तिथे मक्केला ती हजारो बायका-पुरुषांबरोबर नमाज पढून आली. "मक्के में पढ़ी," आपा म्हणाली, "और अपनी गल्ली में नईं पढ़ी."

तिथून परत आल्यापासून तिच्या डोक्यात एकच होतं. मशिदीच्या वर एक हॉल आहे. त्यात मोडके कूलर, मांडवाचे पाइप, गुंडाळलेल्या चटया. तो बायकांना नमाजासाठी मिळावा, निदान शुक्रवारी आणि रमजानात. गल्लीतल्या तिघी-चौघी तिच्या बाजूच्या. अर्ज केला, वर्षभर विचारत राहिल्या. कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे पांढऱ्या दाढीचे एक वयस्कर गृहस्थ, काठी टेकत चालणारे, कमी बोलणारे. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले होते, रविवारी पाहुण्या बायकांना तुम्ही कसं सांभाळता ते बघू, मग बसून बोलू. म्हणजे परीक्षाच. आणि परीक्षेत तोंडी.

तोंडी परीक्षा म्हटल्यावर माझ्या अंगात आलंच. मी साडी बाजूला टाकली आणि शंभर पानी वही मागितली. प्रश्न मी काढणार, उत्तरं आपा सांगणार, मी लिहिणार आणि मग तिच्याकडून घोकून घेणार. आपाच्या नवऱ्यानं ब्लाऊज बेतायच्या खाकी कागदावर मशिदीचा नकाशा काढून दिला. इथे दार, इथे चपला, इथे हात-पाय धुवायचा हौद, इथे आतलं दालन. आपा एका बोटानं नकाशावर चालायची आणि मी पट्टी घेऊन समोर उभी. पट्टी मापाची होती, पण हातात पट्टी आली की मला बरं वाटतं.

त्या पाच दिवसांत तिच्यापेक्षा मीच जास्त शिकले. मला आपलं वाटायचं, इमाम म्हणजे पिढीजात काहीतरी असणार. तर नाही. ज्याला नीट येतं आणि लोकांना मान्य आहे तो पुढे उभा राहतो. नमाजाला रांगा करतात, खांद्याला खांदा लावून, आणि जो आधी आला तो पुढे. "कलेक्टर उशिरा आला तर?" मी विचारलं. "पीछे," आपा म्हणाली. मला हे इतकं आवडलं की घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. दरवर्षी कमाईतला ठरलेला वाटा गरिबाला द्यावाच लागतो, ते दान नव्हे, त्याचा हक्कच, हेही नवीन. मग मी म्हटलं, मला वजू शिकव, म्हणजे नमाजाआधी अंग शुद्ध करायचं ते. आपाच्या मागच्या नळाखाली बसले. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत बाह्या, डोक्यावरून ओला हात, मग पाय. बहुतेक तीनतीनदा. मी मोजता मोजता चुकले, कोपर पाचदा धुतलं आणि निऱ्यांसकट भिजून घरी आले. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "धर्म बदललास की नळ फुटला?"

शनिवारपर्यंत आपाला एकवीसच्या एकवीस उत्तरं पाठ झाली. मला ती घडाघडा म्हणून दाखवायची. मी खूश. फक्त एक गोष्ट मी ध्यानात घेतली नव्हती: मी अनोळखी नव्हते.

रविवारी दुपारी चार वाजता मी आमचं भजनी मंडळ घेऊन निघाले. आठ बायका. मीच सगळ्यांना पटवलं होतं, गर्दी दिसली पाहिजे म्हणून. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून एकीनं पेढ्यांचा बॉक्स घेतलेला. दुसरीनं ओटीचा नारळ आणला होता, तो मी वाटेत तिच्या पिशवीत परत ढकलला. डोक्यावर पदर घेऊन आम्ही दारात चपला काढल्या, आणि आत पाऊल टाकताना माझा उजवा हात आपोआप वर गेला. घंटा शोधत होता. मागे वळून बघते तर आमच्या तिघींचे हात वर. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

आणि आत, काय सांगू, इतकं मोकळं. भर बाजारात, चहूकडून रिक्षांचे हॉर्न, आणि इथे गार फरशी, हिरवा गालिचा, त्यावर रांगांच्या रेघा विणलेल्या. समोरच्या भिंतीवर एकाखाली एक घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. मला वाटलं बिघडलीत. तर ती पाच नमाजांच्या वेळांची, हलतच नाहीत, कमिटी महिन्याला काटे सरकवते. मी उगाचच आनंदून गेले. मंडळ बसलं तेही सवयीनं गोल करून, जसं काही आता टाळ वाटणार आहेत.

हळूहळू आणखी बायका आल्या. आबिड्सच्या एका ऑफिसातल्या चौघी, तेलुगू बोलणाऱ्या कॉलेजच्या मुली, कुणाच्या सासूबाई. तीस-चाळीस तरी झाल्या. आपा खांबाजवळ उभी, नवा स्कार्फ, हातात वहीची घडी. पांढऱ्या दाढीचे सेक्रेटरी लांब दुसऱ्या खांबापाशी, काठीवर दोन्ही हात ठेवून.

एका मुलीनं पहिला प्रश्न विचारला. अजानमध्ये काय म्हणतात? वहीतला तिसरा प्रश्न. मी हरखले. आपानं तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. रंग उतरला. तिची नजर फिरत फिरत माझ्यापाशी आली, आणि मला ती नजर ओळखू येते. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलेल्या मुलाची.

मी हळूच पहिला शब्द पुरवला. मी पुढचा पुरवला. मग पूर्ण वाक्य. आणि मग, उचलली जीभ लावली टाळ्याला, मी उभी राहिले आणि अख्खं उत्तरच देऊन टाकलं, हिंदीत, हातवाऱ्यांसह. अजान म्हणजे बोलावणं. देव सर्वात मोठा आहे, या, नमाजाला या, भल्याकडे या. बायका माना डोलवायला लागल्या. दुसरा प्रश्न वजूचा आला, तोही मी घेतला, पाच वेळा धुतलेल्या कोपरासकट. लोक हसले. मी रंगात. तिसरा, चौथा. ऑफिसातल्या एकीनं मला विचारलं, "आप यहाँ कब से नमाज पढ़ रहे?" तेव्हा तरी मी शुद्धीवर यायला हवं होतं. माझ्या मागे आपा खांबाला टेकून उभी होती, आणि तिची वर्षभराची धडपड मी तिच्या हातातून काढून घेत होते. हे मला दिसत नव्हतं. शपथेवर सांगते, मला वाटत होतं मी मदत करतेय.

तेवढ्यात आमच्या मंडळातल्या सर्वात थोरल्या बाईनं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या मधोमध एक खोलगट कमान, माणूस उभा राहील एवढी. "हा कोनाडा कशाला गं?"

हे आमच्या वहीत नव्हतं. नकाशातही नव्हतं, आपाच्या नवऱ्यानं रोजचीच भिंत म्हणून ते काढलंच नाही. मला काडीची माहिती नव्हती. पण चाळीस जोडी डोळे माझ्याकडे लागलेले.

"दिवा लावायला," मी म्हटलं. आमच्या प्रत्येकीच्या घरात कोनाडा असतो आणि त्यात संध्याकाळी दिवा असतो, मग दुसरं काय असणार? थोरल्या बाईंना एकदम पटलं. पटलेलं बघून मला आणखी स्फुरण. "तेलाचा," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी. मग सगळे त्याला हात जोडून..."

"नक्को, बाई."

आवाज मागून आला. मोठा नव्हता, पण दालनभर ऐकू गेला. आपा पुढे आली. कान लाल. बावीस वर्षांत तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, मी चार ब्लाऊज परत उसवायला लावले तेव्हासुद्धा नाही.

"ऐसा नक्को बोलो. उसमें कुच नईं रखते. दिया नईं, फोटो नईं, कुच नईं." आणि मग, देवा, ती बोलायला लागली. ही मेहराब. इमाम इथे उभा राहतो, तोंड भिंतीकडे, म्हणजे सगळे ज्या दिशेला बघतात त्याच दिशेला तोही. तो आमच्याकडे तोंड करून उभा राहत नाही, कारण नमाज त्याची नसते. खोलगट अशासाठी की त्याचा आवाज भिंतीला लागून मागच्या रांगेपर्यंत जावा. आणि मधोमध अशासाठी की नवखा माणूस आला तरी त्याला दिशा कळावी. त्या दिशेला मक्का. हातानं तिनं हवेत कमानीचं माप घेतलं, रुंदी, उंची, जसं बाहीचं घेते. वहीची घडी केव्हाच खाली पडली होती.

"मक्केत पण असाच कोनाडा?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"वहाँ कायकू लगता, अम्मा? वहाँ तो सामनेच है." तिथे लोक काब्याच्या भोवती गोल उभे राहतात, ती म्हणाली, आणि भोवती सात फेऱ्या घालतात.

मंडळात चुळबुळ झाली. "म्हणजे प्रदक्षिणा. उजवीकडून?"

"नईं. काबा बाएँ हाथ को रहता."

आमच्या आठीच्या आठी जणींनी बसल्या जागी डावा हात हलवून बघितला. थोरल्या बाई म्हणाल्या, "असू दे, फेरी ती फेरी." आपा हसली. मग जो प्रश्न येईल तो ती घेत गेली. बायका मशिदीत का दिसत नाहीत, हाही आला. मी श्वास रोखला. आपा सेक्रेटरींच्या खांबाकडे न बघता म्हणाली, "आदत नईं पड़ी. पड़ जाएगी." मी खाली बसले होते, तोंडावर दोन्ही हात ठेवून. लाज वाटत होती आणि उडी मारावीशीही वाटत होती, एकाच वेळी.

मग असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरीच्या नमाजाची अजान झाली. तिच्याखाली बसून ऐकायची पहिलीच वेळ, छातीत जाणवते. सेक्रेटरी पुढे आले. म्हणाले, पाहुण्यांनी बसून नमाज बघावी. बायकांनी वरच्या हॉलमधून, तो आजच्यापुरता झाडून घेतलाय. मग ते आपाकडे वळले. जरा थांबले. "आप लोगां बी ऊपर पढ़ लो," ते म्हणाले. "अजान सुन के किसी को वापस कैसा भेजना?"

आपानं जिन्याचा कठडा धरला.

वर कूलर आणि पाइप एका भिंतीला सारलेले, मधे चार चटया. आपा आणि गल्लीतल्या तिघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आपा डाव्या टोकाला. माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून मला तिच्या डावीकडे भिंतीशी एक खुर्ची दिली होती. मंडळ बाजूला, खालचं दालन दिसतं त्या जाळीला नाक लावून. खालून इमामाचा आवाज आला आणि खालचे शंभर आणि वरच्या चार एकदम वाकल्या. एकदम उठल्या. कपाळ एकदम जमिनीला. बाकी सगळं मनातल्या मनात, आवाज नाही. आपाचे खांदे थरथरत होते, आणि शेजारच्या बाईचा खांदा तिच्या खांद्याला तसाच चिकटून होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते येऊ दिलं.

नमाजाच्या शेवटी मान वळवून सलाम करतात, आधी उजवीकडे, मग डावीकडे. हे मला पाठ होतं, सतरावा प्रश्न. आपानं उजवीकडे मान वळवली, ओठ हलले. मग डावीकडे वळवली. डावीकडे मी होते. तिचे ओले डोळे सरळ माझ्यावर, आणि ओठांवर सलाम.

"वालेकुम सलाम, आपा," मी म्हटलं. मोठ्यानं. वर्गातल्यासारखं.

जाळीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि एकदा बांध फुटल्यावर आठी बायका, त्या तिघी, कॉलेजच्या मुली, सगळ्या. मीही. पोट धरून. मशिदीत, नमाजाच्या पाठोपाठ, परीक्षेच्या दिवशी. आणि मग जिन्यावर काठीचा आवाज आला.

सेक्रेटरी शेवटच्या पायरीवर उभे राहिले. हसू विझलं. गेलं, मी मनात म्हटलं, वर्ष गेलं हिचं, माझ्यामुळे गेलं.

"कौन हँसे?"

मी हात वर केला. त्रेसष्टाव्या वर्षी, वर्गात करतात तसा. म्हटलं, साहेब, चूक माझी. मला वाटलं सलाम मला केला, म्हणून उत्तर दिलं. हिची काही चूक नाही, हिनं सगळं बरोबर सांगितलं, चुकीचं फक्त मी सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपाकडे, मग भिंतीला सारलेल्या सामानाकडे. "ये कूलर जुम्मे के पहले निकालने कू बोलता मैं," ते म्हणाले. "इत्ती औरतां आईं तो गर्मी होती." आणि काठी टेकत खाली गेले.

जुम्मा म्हणजे शुक्रवार. त्या तिघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. खाली खजूर आणि आमचे पेढे एकाच ताटातून फिरले. मी मात्र आपाला बाजूला घेतलं आणि माफी मागितली, दिव्याबद्दल, सगळी उत्तरं मीच दिल्याबद्दल, आणि शेवटी त्या सलामाबद्दल तर जास्तच. म्हटलं, एवढ्या वर्षांनी मिळालेली नमाज तुझी, आणि त्यातही माझी जीभ मधे आलीच.

आपानं माझा पदर डोक्यावरून घसरला होता तो नीट केला.

"एकतीस साल से दुकान के कोने में पढ़ रई, बाई," ती म्हणाली. "दाएँ कू मशीन, बाएँ कू दीवार. आज पैली बार किसी ने जवाब दिया."